फ्रीड्रिख फॉन ह्यूने आणि दख्खनची हाडे

फ्रीड्रिख फॉन ह्यूने हे जर्मनीतल्या ट्यूबिंगेन विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ आणि पुराजीवशास्त्रज्ञ. २२ मार्च १८७५ रोजी ते ट्यूबिंगेनला जन्मले आणि ४ एप्रिल १९६९ रोजी, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन, तिथेच वारले. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात डायनासोरांची हाडे हाताळून, मोजून, चितारून त्यांची वंशावळ लावणारी माणसे युरोपात मोजकीच होती आणि त्यांत ह्यूने यांचे नाव फार वर आहे. भारतीय भूशास्त्रात त्यांचे नाव दोन कामांमुळे येते. १९३३ साली जबलपूर परिसरातल्या डायनासोरांवर त्यांनी चार्ल्स मॅटली यांच्याबरोबर ग्रंथ लिहिला. १९४० साली निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या मालेरी गावच्या जीवाश्मांवर त्यांचा प्रबंध निघाला. दोन्ही कामे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘पॅलिऑंटोलॉजिया इंडिका’ या मालिकेत छापली गेली.

ह्यूने यांचे घराणे मूळचे बाल्टिक समुद्राकाठच्या जर्मन सरदारांचे. एर्न्स्ट कोकेन यांच्या हाताखाली त्यांनी ट्यूबिंगेनला १८९८ साली डॉक्टरेट केली, ती मात्र डायनासोरांवर नव्हे. बाल्टिक प्रदेशातल्या सिल्युरियन काळच्या शंखधारी ब्रॅकिओपॉड प्राण्यांवर तो प्रबंध होता. त्यानंतर ते सरपटणाऱ्या प्राण्यांकडे वळले आणि पुन्हा मागे फिरले नाहीत. ट्रायासिक काळातल्या युरोपीय डायनासोरांचा त्यांचा मोठा आढावा १९०७-०८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९१० साली स्कॉटलंडमधल्या एल्गिन भागातल्या वाळूच्या खडकात मिळालेल्या एका लहानशा प्राण्याला त्यांनी ‘सॉल्टोपस’ हे नाव दिले. ह्यूने धर्मनिष्ठ ख्रिस्ती होते. सजीवांची उत्क्रांती त्यांना मान्य होती, पण तिच्यामागे ईश्वरी योजना आहे अशी त्यांची श्रद्धा होती. डार्विनच्या निवडीच्या तत्त्वाने त्यांचे समाधान होत नसे.

त्यांच्या कामाचा पाया श्वाबियाच्या मातीत आहे. ट्यूबिंगेनच्या दक्षिणेला ट्रॉसिंगेन या गावाजवळ कॉयपर नावाचे ट्रायासिक थर आहेत. लाल-करड्या चिकणमातीच्या या थरांत प्लेटिओसॉरस या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोराचे सांगाडे पुष्कळ सापडतात. १९२१ ते १९२३ या काळात ह्यूने यांनी तिथे मोठे उत्खनन केले. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीचे त्याला साहाय्य होते. महायुद्धानंतरच्या जर्मनीत चलनाची जी दशा झाली होती ती पाहता परदेशी पैशावाचून असे खोदकाम अवघडच होते. तिथल्या सांगाड्याचे हाडन्‌हाड वर्णन करणारा त्यांचा निबंध १९२६ चा. अख्खा सांगाडा सलग हाती आला की कुठला मणका मानेचा आणि कुठला शेपटीचा हे सांगण्यात अंदाजाचा भाग उरत नाही. ट्रॉसिंगेनला ह्यूने यांना ही चैन लाभली. जबलपूरच्या हाडांत ती मिळणार नव्हती, आणि तिथल्या त्यांच्या अडचणी याच फरकातून आल्या.

१९२३ साली अर्जेंटिनाच्या ला प्लाटा संग्रहालयाने त्यांना पॅटागोनियातल्या क्रिटेशस डायनासोरांच्या अभ्यासासाठी बोलावले. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९२९ मध्ये स्पॅनिश भाषेत निघाला. अँटार्क्टोसॉरस आणि लाप्लाटासॉरस ही अवाढव्य शाकाहारी प्राण्यांची नावे त्यातलीच. १९२८-२९ मध्ये ते ब्राझीलच्या दक्षिण टोकाला सांता मारिया भागात गेले आणि तिथल्या ट्रायासिक थरांतून सरपटणाऱ्या प्राण्यांचा मोठा साठा घेऊन परतले. १९३२ साली सॉरिस्किया या डायनासोर गणावरचा त्यांचा बृहद्ग्रंथ आला. प्लेटिओसॉरससारखे जुने प्राणी आणि नंतरचे प्रचंड सॉरोपॉड यांना एका छत्राखाली आणून त्यांनी त्यात ‘सॉरोपोडोमॉर्फा’ हे नाव दिले. ते आजही चालते.

आता दख्खनकडे. हैदराबादच्या नामपल्ली स्थानकातून दिल्लीला निघणारी तेलंगणा एक्सप्रेस काझीपेटवरून उत्तरेला वळते, गोदावरी ओलांडते आणि मंचेरियाल, बेल्लमपल्ली, सिरपूर-कागजनगर या पट्ट्यातून बल्लारशाला येते. पुढे वरोरा, हिंगणघाटवरून नागपूर. या मार्गाच्या दोन्ही अंगांना प्राणहिता-गोदावरीचे खोरे आणि त्याचा उत्तरेकडचा फाटा पसरला आहे. नामपल्लीच्या आसपास, नौबत पहाडावर आणि पुढे सगळ्या हैदराबाद शहराखाली, ग्रॅनाइट आहे. तो अब्जावधी वर्षांपूर्वीचा असल्याने त्यात हाडे सापडण्याचा प्रश्नच नाही. गोदावरीच्या खोऱ्यात मात्र जमीन खचून झालेल्या लांबट दरीत गोंडवन काळाचे गाळाचे खडक थरावर थर साचले आहेत. खालच्या थरांत कोळसा आहे. सिंगरेणी, बल्लारपूर आणि चंद्रपूरच्या खाणी त्यावरच चालतात. कोळशाच्या वरच्या थरांत येरापल्ली, मालेरी, धर्मारम, कोटा अशी गावांची नावे भूशास्त्रात रूढ झाली आहेत. मालेरीचे थर ट्रायासिक काळाच्या उत्तरार्धातले, म्हणजे साधारण बावीस-तेवीस कोटी वर्षांपूर्वीचे. कोटाचे थर ज्युरासिक. पुढे वरोऱ्याकडे लॅमेटा नावाचे थर लागतात. हे क्रिटेशस काळाच्या अखेरचे असून दख्खनच्या काळ्या पत्थराच्या तळाशी दबलेले आहेत. नर्मदेवरच्या लॅमेटा घाटाचे नाव त्यांना मिळाले.

या थरांतली हाडे उजेडात आणली ती लष्करी अधिकारी, डॉक्टर आणि मिशनऱ्यांनी. ठगांच्या बंदोबस्तासाठी नाव झालेले विल्यम स्लीमन यांना १८२८ साली जबलपूरजवळ शेपटीचे अश्मीभूत मणके मिळाले. डायनासोर हा शब्दच तेव्हा जन्मला नव्हता. रिचर्ड ओवेन यांनी तो १८४२ मध्ये बनवला. कोटा गावच्या चुनखडीतल्या माशांचे जीवाश्म हैदराबादकडच्या डॉक्टरांनी गोळा केले आणि १८५१ साली कर्नल साइक्स यांनी ते लंडनच्या विद्वानांपुढे मांडले. दख्खनच्या पाहणीमुळे महाराष्ट्राच्या इतिहासलेखकांना परिचित असलेले साइक्स ते हेच.

सर्वांत मोठा वाटा स्टीफन हिस्लॉप यांचा. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये, भोसल्यांची राजवट चालू असतानाच, नागपूरला आले. धर्मप्रचार, शाळा आणि गोंडांच्या चालीरीतींच्या नोंदी यांतून वेळ काढून त्यांनी नागपूर, चांदा (आजचे चंद्रपूर) आणि गोदावरीकाठच्या मुलखातून जीवाश्म गोळा केले आणि मायदेशी धाडले. पिसदुरा येथील डायनासोरांची हाडे आणि मालेरीतले दात व जबड्यांचे तुकडे त्यांच्यामुळे शास्त्रज्ञांच्या हाती पडले. मालेरीच्या फुप्फुसमाशाच्या दातांना १८५९ मध्ये थॉमस ओल्डहॅम यांनी हिस्लॉप यांचेच नाव दिले. टाकळघाटजवळची दगडी वर्तुळे पाहून परतताना १८६३ च्या सप्टेंबरात नाल्याच्या पुरात हिस्लॉप बुडाले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाने चालते. शास्त्रीय नावांच्या यादीतही ते आहेत: सुसरीसारख्या दिसणाऱ्या पॅरासुकस या मालेरीच्या प्राण्याची जात रिचर्ड लायडेकर यांनी १८८५ मध्ये ‘हिस्लॉपी’ ठरवली.

लायडेकर यांनी त्याआधी १८७७ मध्ये स्लीमन यांना मिळालेल्या मणक्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ ही जात उभी केली होती. १८७९ मध्ये पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून दुसरी जात आली, ‘टायटॅनोसॉरस ब्लॅनफर्डी’. पिसदुरा हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यातले खेडे. भारतीय डायनासोरांच्या इतिहासात त्याला जबलपूरच्या बरोबरीचा मान आहे, पण महाराष्ट्रात ते त्या मानाने कुणाला ठाऊक नाही.

जीवाश्मांचे वर्णन जर्मन भाषक विद्वानांकडे सोपवणे सर्वेक्षणाला नवे नव्हते. कच्छचे ॲमोनाइट म्युनिकच्या विल्हेल्म वागेन यांनी तपासले होते आणि गोंडवनातल्या वनस्पती प्रागच्या ओटोकार फाइस्टमांटेल यांनी. ह्यूने यांच्याकडे आलेले काम त्याच वाटेने आले. जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर मॅटली यांनी १९१७ ते १९१९ या काळात दुर्गाशंकर भट्टाचार्जी यांच्यासह पद्धतशीर खोदकाम केले होते. एकाच थरात मांसाहारी डायनासोरांची शेकडो हाडे विखरून पडलेली होती. त्यातली काही कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये राहिली, काही लंडनला गेली. १९३३ च्या ग्रंथात थरांची माहिती मॅटली यांची आणि हाडांचे वर्णन ह्यूने यांचे, अशी वाटणी आहे.

या ग्रंथात ह्यूने यांनी मुक्तहस्ते नावे दिली. मोठ्या मांसाहारींत इंडोसुकस रॅप्टोरियस आणि इंडोसॉरस मॅटलेयी. लहान, हलक्या अंगाच्या मांसाहारींत लेव्हिसुकस इंडिकस, जबलपुरिया टेन्युइस, कॉम्प्सोसुकस सोलस, सीलुरॉयडिस आणि आणखी काही. शाकाहारींत पॅटागोनियाच्या अँटार्क्टोसॉरसची भारतीय जात म्हणून अँटार्क्टोसॉरस सेप्टेन्ट्रिओनॅलिस. अर्जेंटिनातून परतलेल्या माणसाला जबलपूरच्या हाडांत दक्षिण अमेरिका दिसावी यात नवल नाही, आणि ती दिसणे चुकीचेही नव्हते. भारत आणि दक्षिण अमेरिका यांच्या क्रिटेशस प्राण्यांचे नाते त्या ग्रंथाने नुसत्या तर्कावर न सोडता हाडांच्या मापांवर उभे केले.

मांसाहारींच्या बाबतीत मात्र त्यांचा अंदाज फसला, आणि कारण त्यांच्याच जुन्या चौकटीत होते. ह्यूने यांनी १९१४ मध्ये सीलुरोसॉरिया आणि १९२० मध्ये कार्नोसॉरिया असे मांसाहारींचे दोन गट पाडले होते. लहान, चपळ, पोकळ हाडांचे ते पहिले. धिप्पाड, जड डोक्याचे ते दुसरे. जबलपूरला अख्खा सांगाडा नव्हता. होते ते सुटे मणके, पायांची हाडे, कवटीचे तुकडे. आकार आणि ठेवण बघून प्रत्येक मणका या ना त्या गटात टाकायचा म्हटले की एका प्राण्याचे मानेचे आणि शेपटीचे मणके दोन निराळ्या जातींचे ठरण्याचा धोका असतो. तसेच झाले. १९८५ मध्ये अर्जेंटिनात होसे बोनापार्ट आणि फर्नांडो नोव्हास यांनी ॲबेलिसॉरस या आखूड तोंडाच्या मांसाहारी डायनासोराचे वर्णन केले, तेव्हा जबलपूरचे इंडोसुकस आणि इंडोसॉरस त्याच्या कुळातले असल्याचे ध्यानात येऊ लागले. २००४ मध्ये नोव्हास, फेडेरिको आग्नोलिन आणि कोलकात्याच्या शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९३३ च्या ग्रंथातली मांसाहारींची हाडे पुन्हा तपासली. ह्यूने यांनी लहान आणि मोठ्या अशा वेगळ्या गटांत टाकलेली पुष्कळ हाडे याच दाक्षिणात्य गोतावळ्यात बसली. एकेका मणक्यावर उभ्या केलेल्या बऱ्याच जाती आता स्वतंत्र मानल्या जात नाहीत. लेव्हिसुकस टिकला, तोही सीलुरोसॉर म्हणून नव्हे. शाकाहारींत अर्जेंटिनाचे नाते अचूक ओळखणाऱ्या ह्यूने यांच्या हातून मांसाहारींतले तेच नाते निसटले, ही त्यांच्या भारतीय कामातली सर्वांत लक्षात राहणारी गोष्ट. अर्थात ॲबेलिसॉरस तेव्हा जमिनीतच होता.

शाकाहारींच्या नावांचीही पुढे फेरतपासणी झाली. अँटार्क्टोसॉरस सेप्टेन्ट्रिओनॅलिस हा पॅटागोनियाच्या प्राण्याहून वेगळा ठरला आणि १९९५ मध्ये भारतीय स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे सोहनलाल जैन यांच्या नावावरून त्याला जैनोसॉरस म्हणू लागले. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला मिळालेल्या सांगाड्याचे वर्णन जैन आणि बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये केले. २००३ पासून तो इसिसॉरस या नावाने ओळखला जातो आणि लॅमेटाच्या सॉरोपॉडांत सर्वांत पूर्ण सांगाडा तोच. लायडेकर यांच्या टायटॅनोसॉरसचा मूळ मणका दीर्घकाळ गहाळ होता. तो २०१२ मध्ये कोलकात्यात सर्वेक्षणाच्या संग्रहातच सापडला. शोधणाऱ्यांत नागपूरचे भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे होते. पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांवर मॅटली यांनी १९३९ मध्ये लिहिले होते. त्याच गावच्या विष्ठाश्मांत २००५ मध्ये गवताचे सूक्ष्म सिलिका-कण मिळाले आणि डायनासोरांच्या काळात गवत उगवत होते, एवढेच नव्हे तर खाल्लेही जात होते, हे सिद्ध झाले. त्याआधी गवत डायनासोरांनंतरचे समजले जाई.

हैदराबाद संस्थानाशी ह्यूने यांचा थेट संबंध १९४० च्या प्रबंधाने जुळला. मालेरी हे तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातले गाव. विल्यम किंग यांनी १८८१ च्या अहवालात प्राणहिता-गोदावरी खोऱ्याची थररचना मांडली होती, तरी तिथल्या हाडांचा नीट संग्रह झाला तो सर्वेक्षणाचे एन. के. एन. अय्यंगार यांनी १९३० च्या दशकात मालेरी आणि रेवा संस्थानातल्या टिकी या दोन ठिकाणी केलेल्या कामाने. लाल चिकणमातीच्या उघड्या माळावर पावसाने धुऊन वर आलेली हाडे तिथे वेचता येतात, त्यामुळे जीवाश्म मिळवायला सुरुंग लावावे लागत नाहीत. पण तुकडेच अधिक मिळतात.

मालेरीचे कोडे असे होते. तिथला रिंकोसॉर हा डुकराएवढा, पोपटासारख्या चोचीचा शाकाहारी प्राणी. टाळूवर दातांच्या ओळीच ओळी. थॉमस हक्सली यांनी १८६९ मध्ये त्याचे नाते स्कॉटलंडमधल्या एल्गिनच्या हायपरोडॅपेडॉनशी जोडले होते. तसलेच प्राणी ब्राझीलमध्येही निघाले. पण त्याच चिकणमातीत मेटोपोसॉर हे चपट्या डोक्याचे मोठे उभयचर आणि फायटोसॉर हे सुसरीसारखे प्राणी होते, आणि ते जर्मनीच्या कॉयपर थरांतल्या प्राण्यांसारखे. म्हणजे गोदावरीच्या एकाच गाळात उत्तरेचे आणि दक्षिणेचे प्राणी एकत्र. ही गुंतागुंत सोडवायला श्वाबिया, एल्गिन आणि ब्राझील या तिन्ही ठिकाणच्या जीवाश्मांवर स्वतः काम केलेला माणूस लागत होता. त्या काळात असा माणूस ह्यूने यांच्यावाचून दुसरा दाखवणे कठीण आहे. त्यांनी मालेरीच्या प्राण्यांची गटवार यादी केली, त्यांचे वय ट्रायासिकच्या उत्तरार्धात ठेवले आणि डायनासोरांची म्हणता येतील अशी थोडी हाडेही त्यांत नोंदवली. मालेरीच्या रिंकोसॉराला त्यांनी १९३८ मध्ये ‘पॅराडॅपेडॉन’ हे स्वतंत्र नाव दिले होते. पुढच्या संशोधकांनी ते काढून घेऊन त्याला हक्सली यांच्या हायपरोडॅपेडॉनमध्ये परत नेले. प्रबंध छापला गेला तेव्हा ब्रिटन आणि जर्मनी यांचे युद्ध पेटलेले होते. ब्रिटिश सरकारच्या खात्याने जर्मन नागरिकाचे लेखन आपल्या मालिकेत घेतले, यावरून या विषयात त्यांची गरज किती होती हे कळते.

खंडे सरकतात ही आल्फ्रेड वेगेनर यांची मांडणी १९१२ पासून चर्चेत होती, पण बहुतेक भूशास्त्रज्ञ ती मानायला राजी नव्हते. भारत, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांमधल्या बुडालेल्या भूसेतूंवर त्यांची भिस्त होती. गोंडवनभूमीची, म्हणजे एकेकाळी जोडलेल्या दक्षिणेकडच्या खंडांची, कल्पना भारतातल्याच खडकांवरून निघालेली. ह्यूने यांनी दक्षिण अमेरिकेतल्या आपल्या ग्रंथाच्या नावातही ती घेतली. मालेरी, जबलपूर आणि सांता मारिया इथल्या हाडांच्या तुलना वादात कुठल्याही बाजूला वापरता येत होत्या. वाद मिटला तो १९६० च्या दशकात, सागरतळाच्या अभ्यासाने.

स्वातंत्र्यानंतर गोदावरीच्या खोऱ्यातले काम भारतीय संस्थांनी हाती घेतले. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून लंडनच्या पामेला रॉबिन्सन कोलकात्याच्या भारतीय स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आल्या आणि १९५७ च्या सुमारास तिथे भूशास्त्राचा विभाग उभा राहिला. सिरोंच्याच्या बाजूला पोचमपल्ली गावाजवळ कोटा थरांत त्यांच्या चमूला एका प्रचंड सॉरोपॉडाची सुमारे तीनशे हाडे मिळाली. मोठे खोदकाम १९६१ मध्ये, रवींद्रनाथ ठाकूर यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी झाले, म्हणून १९७५ मध्ये नाव देताना ‘बारापासॉरस टागोराय’ असे ठरले. त्याचा सांगाडा कोलकात्यात उभा आहे.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस आदिलाबाद जिल्ह्यातच यमनपल्ली गावाजवळ कोटा थरांत आणखी एक सॉरोपॉड निघाला. सर्वेक्षणाचे पी. यादगिरी यांनी १९८८ मध्ये त्याला ‘कोटासॉरस यमनपल्लिएन्सिस’ हे नाव दिले. किमान बारा प्राण्यांचे मिळून ८४० अवशेष त्यात आहेत. त्यांतल्या हाडांचा जोडलेला सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात, नामपल्लीच्या पब्लिक गार्डनपासून जवळच असलेल्या नौबत पहाडावर, ठेवला आहे. कोटासॉरस ज्या मोठ्या गटात मोडतो तो सॉरोपोडोमॉर्फा हा गट ह्यूने यांनी १९३२ मध्ये मांडलेला. कोटासॉरसचे दोन दात तेवढे मिळाले आहेत, कवटी नाही, त्यामुळे सांगाड्याचे डोके अनुमानाने घडवावे लागले. उरलेली बहुतेक हाडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हैदराबाद इथल्या संग्रहात आहेत.